खुरपणीतला कुर्डू आणि बतुकम्मा



पावसाळ्यात खुरपायला बसलं की कुर्डू हमखास हाती लागतो. कोवळा असला तर भाजीला, जून झाला तर बांधावर फेकायला. आपल्या शेजारच्या तेलंगणात मात्र याच कुर्डूच्या फुलांनी बाया देवी मांडतात. तिचं नाव बतुकम्मा. तेलुगूत ‘बतुकु’ म्हणजे जगणं आणि ‘अम्मा’ म्हणजे आई. आज आपण तिची गोष्ट ऐकू या.

सर्वपित्री अमावास्येला हा सण सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. मुख्य फुलं दोन: कुर्डू, ज्याला तिकडे गुनुगु म्हणतात, आणि पडीक रानातलं पिवळं तरवड, म्हणजे तंगेडु. जोडीला झेंडू, शेवंती, कमळ. घरातली माणसं आणि पोरं रानातून फुलं आणतात, बाया रचायला बसतात. ताटात पानं अंथरायची, कुर्डूचे पांढरे तुरे रंगात बुडवून घ्यायचे, देठ आत ठेवून थरावर थर चढवायचे. कळसासारखी उतरंड झाली की वर हळदीची गौरम्मा बसवायची. संध्याकाळी सगळ्यांच्या बतुकम्मा एकत्र ठेवून बाया भोवती फेर धरतात, एक गाणं सांगते, बाकीच्या साथ देतात. आपल्या भोंडल्यासारखंच. शेवटी ती तलावात सोडतात.

हे तलावही जुने. बाराव्या-तेराव्या शतकात वरंगळच्या काकतीय राजांच्या काळात पाखाल, रामप्पा असे मोठे तलाव बांधले गेले. पावसाळा सरताना तलाव भरलेले आणि रान फुललेलं, अशा दिवसांतला हा सण.

आपला मराठवाडा आणि तेलंगण १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. वेगळ्या तेलंगणाच्या चळवळीत बाया बतुकम्मा घेऊन रस्त्यावर उतरल्या. २०१४ साली राज्य झालं, तेव्हा बतुकम्मा राज्याचा सण ठरला आणि तरवड राज्याचं फूल. विणकामासाठी सोलापुरात आलेल्या तेलुगू कुटुंबांनी ती तिथेही जपली आहे.

आम्हाला यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. कुर्डू आणि तरवड कोणी पेरत नाही, त्यामुळे ते विकतही घ्यावं लागत नाही. जिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, तिचीही बतुकम्मा उभी राहते. आणि जे हात कुर्डू उपटतात, तेच हात त्याला ताटात मानानं बसवतात. पिकात वाढला तर तो तणच, उपटावाच लागतो. पण उपटणं वेगळं आणि नामशेष करणं वेगळं.

आता तणनाशकाची फवारणी वाढली आहे. जिथे फवारा फिरतो तिथे आपली खुरपणीची मजुरी जाते आणि कुर्डूची भाजीही जाते. पडीक माळ नांगरला की तरवड जातं. मग सणाला विकतची फुलं आणायची, आणि ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनी बघत राहायचं?

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं ठरवू या. बांधाची एक कड फवारायची नाही. फुलं तोडताना झाड उपटायचं नाही, काही तुरे बियांसाठी ठेवायचे. पोरींना सोबत नेऊन प्रत्येक झाडाचं नाव सांगायचं.

रान राहिलं तर फेर राहील.