गर्भधारणेची वेळ : दिवस मोजा, पण पुढच्या पाळीपासून मागे

लग्नाला वर्ष उलटले, की घरी-दारी विचारणा सुरू होते आणि तिचा रोख बहुधा सुनेकडेच असतो. प्रत्यक्षात अनेक जोडप्यांमध्ये दोष कोणाचाच नसतो, चुकलेले असते ते दिवसांचे गणित.

पाळी संपताच लगेच गर्भ राहतो, हा समज शहरात आणि खेड्यात सारखाच रूढ आहे. वास्तविक बीजकोषातून स्त्रीबीज बाहेर पडते, म्हणजेच बीजमोचन होते, ते साधारणपणे पुढील पाळीच्या १२ ते १६ दिवस आधी. जपानी स्त्रीरोगतज्ज्ञ क्युसाकू ओगिनो यांनी १९२४ मध्ये हे दाखवून दिले. त्यामुळे पाळीचा पहिला दिवस धरून २८ दिवसांचे चक्र असल्यास सुमारे चौदाव्या, ३२ दिवसांचे असल्यास अठराव्या, तर २४ दिवसांचे असल्यास दहाव्या दिवसाच्या आसपास बीजमोचन अपेक्षित असते.

स्त्रीबीज १२ ते २४ तासच टिकते. शुक्रजंतू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून बीजमोचनाचा दिवस आणि त्याआधीचे पाच, असे सहाच दिवस गर्भधारणेला अनुकूल ठरतात. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणाऱ्या जोडप्यांनी नेमका दिवस हेरण्याची धडपड करू नये. या काळात एक दिवसाआड संबंध आल्यास पुरेसे होते.

या गणिताचा पाया म्हणजे तारखांची नोंद. शिरूर तालुक्यातील वढू येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. याच रुग्णालयाने १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांत माता-पोषणाचा अभ्यास केला. त्या वेळी कार्यकर्त्या दरमहा घरोघरी जाऊन पाळीची चौकशी करीत आणि त्यावरूनच गर्भधारणा लवकर लक्षात येई. अशी नोंद घरच्या दिनदर्शिकेवरही ठेवता येते. सहा महिन्यांच्या तारखांवरून चक्राचा अंदाज येतो.

शरीरही खुणा देते. बीजमोचनाच्या आधी योनीतील स्राव पारदर्शक, निसरडा आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जाणारा होतो. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या लघवीच्या चाचणीपट्टीवरून बीजमोचनाची पूर्वसूचना साधारण एक-दीड दिवस आधी मिळते. शरीराचे तापमान मात्र बीजमोचनानंतर वाढते, त्यामुळे ती खूण उशिराची ठरते. प्रवास, आजारपण वा ताण यांमुळे तारीख पुढे-मागे होते. म्हणून मूल नको असणाऱ्यांनी केवळ या हिशेबावर विसंबू नये.

वेळ अचूक साधली तरी दर महिन्याला गर्भ राहीलच असे नाही. नियमित संबंध असलेल्या सुमारे ८० टक्के जोडप्यांना वर्षभरात यश येते. पस्तिशीच्या आतील स्त्रीने वर्षभर आणि त्यापुढील वयाच्या स्त्रीने सहा महिने प्रयत्न करून डॉक्टरांना भेटावे. पाळी अनियमित असल्यास तेवढेही थांबू नये. तपासणीला पतीनेही सोबत जावे. वंध्यत्वाच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो आणि वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी, कमी खर्चाची चाचणी आहे. ती टाळून केवळ सुनेवर उपचार करीत राहिल्यास वाया जातात ती तिच्या आयुष्यातील मोलाची वर्षे.