काच ओली असेपर्यंत

लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ची. त्यानंतर दीड-पावणेदोन वर्षांतच, ऑक्टोबर १८५४मध्ये, मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ उभी राहिली. भारतातली ही अशी पहिली संस्था. कलकत्ता आणि मद्रासच्या सोसायट्या १८५६मध्ये निघाल्या. मुंबईच्या मंडळींत लष्करी अधिकारी होते, सरकारी नोकर होते, डॉक्टर होते. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही सभासद होते. नारायण दाजी तर स्वतः कॅमेरा चालवणारे.

पोटापाण्याचा उद्योग सांभाळून या लोकांनी हा खर्चिक, हात काळे करणारा नाद जोपासला. त्यासाठी एकमेकांची गरज होतीच. प्रक्रियेची पुस्तके विलायतेतून येत आणि ती लिहिलेली असत तिथल्या थंड हवेसाठी. मुंबईच्या उकाड्यात रसायने कशी वागतात, हे इथे करून पाहणाऱ्यालाच कळणार. म्हणून १८५५मध्ये सोसायटीने स्वतःचे नियतकालिक काढले.

कळीचा प्रश्न होता, निगेटिव्हसाठी काच की कागद?

फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१मध्ये कलोडियनची पद्धत जाहीर केली होती. स्वच्छ पुसलेल्या काचेवर चिकट कलोडियन ओतायचे आणि काच तिरकी करत ते चारही कोपऱ्यांपर्यंत खेळवायचे. उरलेले बाटलीत परत. मग अंधारात काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. चित्र टिपणे आणि डेव्हलप करणे, दोन्ही थर वाळायच्या आत उरकायचे. कलोडियनमधले ईथर ३५ अंशांच्या आसपासच उकळते. मुंबईच्या उन्हाळ्यात ते बघता बघता उडून जाई. बाहेर काम करायचे तर काळोखी तंबू, बाटल्या आणि काचा वाहणारे मजूर सोबत हवेच.

गुस्ताव्ह ल ग्रेच्या मेणकागदाच्या पद्धतीचे तसे नव्हते. कागद काही दिवस आधी तयार करता येई, ओझेही हलके. मात्र त्याला प्रकाश जास्त वेळ द्यावा लागे आणि काचेइतकी रेखीवता त्यात येत नसे. प्रवासी हौशींना तरीही कागदच सोयीचा पडे. १८५५मध्ये सरकारने विजापूर, बदामी, ऐहोळे इथल्या वास्तूंची छायाचित्रे घेण्याचे काम कॅप्टन थॉमस बिग्ज यांच्यावर सोपवले, तेव्हा या तोफखान्यातल्या अधिकाऱ्यानेही कागदी निगेटिव्हच वापरल्या. पुढे ते काम डॉ. विल्यम पिगू यांच्याकडे गेले. दोघांची छायाचित्रे १८६६मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आज त्या वास्तूंचे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचे रूप अभ्यासकांना दिसते, ते या हौशी हातांमुळे.

शहरातही काम जोरात होते. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६पासून ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ हे मासिक चालवले. छायाचित्र छापखान्यात छापण्याची सोय तेव्हा नव्हती, म्हणून प्रत्येक प्रतीत खरेखुरे प्रिंट चिकटवले जात. एकेक प्रिंट निगेटिव्हला भिडवून उन्हात धरून काढायचा. अंकाच्या जितक्या प्रती, तितक्या वेळा हाच खटाटोप.

एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्येही १८५५मध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि त्यांची छायाचित्रे १८६७च्या पॅरिस प्रदर्शनापर्यंत पोचली.