एकच पुत्र, दोन निर्णय

झाशीच्या जुन्या तटबंदीच्या दरवाजांत खंडेराव गेटबरोबर ओरछा गेट आणि दतिया गेट यांचीही गणना होते. शेवटची दोन नावे शेजारच्या संस्थानांची आहेत. दत्तकाच्या प्रश्नावर कंपनी सरकारने या दोघांना एक न्याय लावला आणि झाशीला दुसरा. हे कसे घडले, हे प्रशासनाच्या अभ्यासकाने समजून घेण्यासारखे आहे.

२१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव निवर्तले. तत्पूर्वी त्यांनी कंपनीचे अधिकारी मेजर एलिस यांच्या उपस्थितीत दामोदररावास दत्तक घेतले होते. धर्मशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न तेथेच मिटला : विधिवत दत्तक गेलेला पुत्र हा औरसाप्रमाणेच वारस. कंपनीचे शास्त्र मात्र वेगळे होते. मेटकाफ यांच्या १८३७ च्या टिपणाने पूर्वापार स्वतंत्र राजे आणि सनदेने सत्ता लाभलेले सरदार असा भेद केला होता. ओरछा पहिल्या वर्गात मोडत होते. झाशीचे नेवाळकर मूळचे पेशव्यांचे सुभेदार, म्हणून दुसऱ्या वर्गात. शिवाय १८३५ मध्ये रामचंद्ररावांचा दत्तक नाकारल्याचा दाखलाही होता.

याउलट एलिस यांनी १८१७ च्या तहाकडे लक्ष वेधले. त्यात रामचंद्रराव व त्यांचे वारस यांना वंशपरंपरा अधिकार मान्य केला होता. राणी लक्ष्मीबाईंच्या अर्जांतही हाच युक्तिवाद व शेजारी संस्थानांची उदाहरणे आहेत. तरीही डलहौसी यांनी २७ फेब्रुवारी १८५४ च्या टिपणाने राज्य खालसा केले. मात्र गंगाधररावांच्या खाजगी मालमत्तेपुरता हाच दत्तक वैध मानला गेला! एकच मुलगा तिजोरीपुरता पुत्र ठरला, गादीपुरता नाही.

डलहौसींच्या निर्णयास कारणे नव्हती असे नाही. आपल्या चौकटीत ती सुसंगतही होती. परंतु दोन स्वायत्त व्यवस्था परस्परविरुद्ध निष्कर्ष काढतात, तेव्हा प्रत्येकीची अंतर्गत सुसंगती बाधित व्यक्तीच्या उपयोगाची नसते. तिचे प्रश्न निराळे असतात. कोणता नियम लावला? दुसरा का डावलला? शेजाऱ्याला वेगळा न्याय का? आणि या दोहोंमध्ये निवाडा करणारा कोण? झाशीच्या बाबतीत शेवटच्या प्रश्नाचे उत्तर विदारक होते, कारण निवाडा करणारा स्वतःच लाभार्थी होता. अशा वेळी स्पष्टीकरण कितीही विस्तृत असले तरी ते पटत नाही.

१८५७ नंतर धोरण बदलले आणि १८६२ मध्ये कॅनिंग यांनी संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. झाशीला त्याचा उपयोग नव्हता.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(घ) नुसार प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना देणे हे आज कर्तव्य आहे. एका खात्याचे अभिलेख ज्याला पात्र म्हणतात, त्यालाच दुसऱ्या खात्याची संगणकप्रणाली अपात्र ठरवते, तेव्हा ‘नियमानुसार’ एवढा शेरा पुरेसा नाही. कोणाच्या नियमानुसार, आणि तोच का, हे त्या माणसाला त्याच्या भाषेत सांगणे, तसेच निर्णयात हितसंबंध नसलेल्याकडे दाद मागण्याची वाट दाखवणे, ही अधिकाऱ्याची जबाबदारी आहे.