श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलातील फुटबॉल मैदान

श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलातील फुटबॉल मैदान हे पुण्याच्या पश्चिमेस म्हाळुंगे-बालेवाडी येथे असलेले सरकारी मैदान आहे. लोकांच्या तोंडी ते ‘बालेवाडी स्टेडियम’ म्हणूनच रूढ आहे. मालकी महाराष्ट्र शासनाची असून कारभार क्रीडा व युवक सेवा संचालनालयाकडे आहे. २००९ ते २०१९ या काळात तीन व्यावसायिक फुटबॉल संघ येथे यजमान म्हणून खेळले. त्यांपैकी एकही आज अस्तित्वात नाही. मैदान कोणाचे आणि खर्च कोणाचा, हा फुटबॉलमधील जुना वाद येथे निराळ्या रूपात दिसतो.

जागा व मालकी

म्हाळुंगे हे मुळशी तालुक्यातील गाव, तर शेजारचे बालेवाडी हवेलीतील. बालेवाडी १९९७ मध्ये व म्हाळुंगे २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. संकुलाची मालकी मात्र शासनाकडेच राहिली. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी हे संकुल उभारण्यात आले. वास्तुरचनाकार शशी प्रभू हे होते. ऑक्टोबर २००८ मधील राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने केंद्र व राज्य शासनाच्या निधीतून त्याचे नूतनीकरण झाले. मोठा निधी आला तो असा स्पर्धांच्या निमित्ताने, आणि त्या स्पर्धा बहुविध खेळांच्या होत्या. त्यामुळे फुटबॉलच्या हिरवळीभोवती धावपट्टी आहे आणि प्रेक्षक खेळापासून बराच दूर बसतो. केवळ फुटबॉलसाठी बांधलेल्या मैदानात असे अंतर ठेवावे लागत नाही.

भाडेकरू संघ

अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये स्थापन केलेला पुणे फुटबॉल क्लब २००९ मध्ये आय-लीगमध्ये आला. पहिल्याच हंगामात त्याने तिसरे स्थान मिळवले आणि २०१२-१३ मध्ये तो उपविजेता ठरला. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ च्या एकाच हंगामापुरता खेळला. २०१५ मध्ये हे दोन्ही संघ बंद झाले. इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी २०१४ पासून येथे खेळू लागला व २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. त्याची मालकी वाधवान समूहाकडे होती. २०१९ मध्ये संघ बंद पडला आणि लीगमधील त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली.

या संघांच्या अस्तासाठी मैदानालाच दोष देणे योग्य नव्हे; मालकांचे आर्थिक निर्णय अधिक निर्णायक ठरले. गोव्यातील फातोर्ड्याचे मैदानही सरकारी क्रीडा प्राधिकरणाच्या ताब्यात असून एफसी गोवा तेथे टिकून आहे. तथापि भाडेकरू संघाला मैदानाच्या रूपाने कोणतीही स्थावर मत्ता उभी करता येत नाही, त्यामुळे मालकाने हात काढून घेतला की मागे काही उरत नाही. समर्थक तर या व्यवहारात कोठेच नसतात.

इंग्लंडमधील तुलना

याच्या उलट उदाहरण कोव्हेंट्री शहराचे आहे. तेथील २००५ मध्ये सुरू झालेल्या मैदानाची व्यवस्थापक कंपनी नगरपरिषद आणि एक धर्मादाय संस्था यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीची होती. कोव्हेंट्री सिटी हा क्लब केवळ भाडेकरू होता. २०१२ मध्ये क्लबने भाडे थांबवले. जानेवारी २०१३ मध्ये नगरपरिषदेने कंपनीला १ कोटी ४४ लाख पौंडांचे कर्ज दिले. हे बेकायदा सरकारी साहाय्य आहे, अशी तक्रार क्लबच्या मालकांनी न्यायालयात नेली. २०१४ मध्ये ती फेटाळण्यात आली. दरम्यान २०१३-१४ चा हंगाम क्लबला नॉर्दॅम्प्टन या दुसऱ्या शहरात खेळावा लागला. तो परतल्यावर काही आठवड्यांतच कंपनी वॉस्प्स या रग्बी संघाच्या हाती गेली. कोव्हेंट्रीत क्लब टिकला, पण मैदान हातचे गेले. पुण्यात मैदान राहिले, संघ गेले.

वापरावरील वाद

संकुलात लोकसभा निवडणुकीची मतमोजणीही झाली आहे. जून २०२१ मध्ये बैठकीसाठी आलेल्या मंत्र्यांच्या व नेत्यांच्या मोटारी धावपट्टीच्या आवारात उभ्या केल्याने टीका झाली. त्यावर क्रीडा आयुक्तांनी दिलगिरी व्यक्त केली. करदात्यांच्या पैशांतून उभ्या राहिलेल्या मैदानावर खेळाडूंचा हक्क पहिला की शासनाच्या सोयीचा, हा प्रश्न त्या प्रसंगी उघडपणे विचारला गेला.

आंतरराष्ट्रीय फुटबॉल मात्र येथे पुन्हा आले. २०२२ च्या महिला आशियाई फुटबॉल चषकाच्या तीन मैदानांपैकी हे एक होते. उरलेली दोन नवी मुंबई व अंधेरी येथील होती.