गिट लेखनिकाची वाट पाहतं

परवा तीर्थपुरीच्या घरी पुतण्या लॅपटॉप घेऊन आला. ‘काका, गिट कमिट केलं आन् हे काय उघडलं? लिहिता येईना, बाहेरबी पडता येईना.’ गिट म्हणजे फाईलींतले बदल नोंदवून ठेवणारी प्रणाली, आणि कमिट म्हणजे तिच्यातली एक नोंद. पडद्यावर ‘व्हीआय’ या संपादकाची खिडकी होती. एस्केप दाबून कोलन, क्यू आणि उद्गारचिन्ह टाकायला सांगितलं, तसा तो सुटला. संदेश रिकामा म्हणून गिटने कमिट मात्र नाकारलं. मग त्याने विचारलं, ‘पण ही खिडकी उघडतेच कशाला?’

ती उघडते कारण विचारायला. बदल करणाऱ्याने बदलाचं कारण लिहून ठेवायचं, ही रीत आमच्या गोदाकाठाला जुनी आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, वरच्या अंगाला पैठणात एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी ओव्यांतच नोंद केली: शक, संवत्सर, महिना, पर्वणी, ठिकाण, आपलं नाव. कारणही दिलं. ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठभेदांनी त्यात अशुद्धं शिरली होती. शिवाय पुढे कोणी त्यात स्वतःची ओवी घालू नये, अशी कडक ताकीद. माझ्या मते मराठीतला याहून चांगला कमिट संदेश नाही. मूळ ग्रंथाच्या अखेरीस तर ज्ञानेश्वरांसोबत तो उतरवून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचंही नाव येतं. गिटसुद्धा बदल रचणारा आणि तो नोंदवणारा अशी दोन नावं वेगळी ठेवतं.

संगणकावर ही रीत १९७२ च्या सुमारास आली. बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस हे बदल सांभाळणारं सॉफ्टवेअर लिहिलं. बदल जमा करताना ते नुसतं ‘कॉमेंट्स?’ असं विचारी. १९८०च्या दशकात वॉल्टर टिची यांच्या आरसीएस या तशाच सॉफ्टवेअरमध्ये अनेक ओळी लिहिता येत. संपलं हे सांगायला एका ओळीत एकटं टिंब द्यायचं. हे टिंब केन थॉम्प्सन यांच्या ‘ईडी’ संपादकाचं. तो कागदावर छापणाऱ्या टेलिटाइपच्या काळातला, एका वेळी एकेक ओळ हाताळणारा. पडदे आले तेव्हा, १९७६ साली, बर्कलीत बिल जॉय यांनी व्हीआय रचला. ‘एडिटर’ आणि ‘व्हिज्युअल’ ही संपादकाचं नाव सांगणारी दोन चलं आजही वेगळी आहेत, ती याच फरकामुळे: एक ओळींच्या संपादकासाठी, दुसरं पूर्ण पडद्याच्या.

एप्रिल २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी गिट लिहिलं, तेव्हा संदेश थेट कळफलकावरून घेतला जाई. लवकरच ते काम बाहेरच्या संपादकाकडे गेलं, आणि पुतण्याची अडचण तिथेच जन्मली. गिट एक फाईल तयार करतं, ती लेखनिकाच्या, म्हणजे संपादकाच्या, हाती देतं आणि तो परत येईपर्यंत थांबतं. लेखनिक कोण, हे ते क्रमाने शोधतं: आधी ‘गिट एडिटर’ हे चल, मग ‘कोअर डॉट एडिटर’ ही मांडणी, मग व्हिज्युअल, मग एडिटर. कुठेच नाव नसेल तर शेवटी सहसा व्हीआय.

म्हणून चुकाही मुख्यतः तीन जागी होतात. दिलेल्या नावाचा लेखनिक सापडत नाही. मग मांडणीत त्याचा पूर्ण पत्ता लिहायचा. लेखनिक ‘काम बिघडलं’ अशी खूण देऊन परततो. मग गिट त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. तिसरी चूक मला सगळ्यात जास्त दिसते: व्हीएस कोड हा संपादक फाईल उघडून लगेच ‘झालं’ म्हणतो, गिट कागद पाहतं, तो कोराच. उपाय एका शब्दाचा. ‘कोड’ या नावापुढे जागा सोडून दोन आडव्या रेघा आणि लगेच ‘वेट’ जोडायचं. फाईल बंद होईपर्यंत लेखनिक मग जागचा हलत नाही.

पुतण्याने गिटला तसा लेखनिक नेमून दिला. खिडकी उघडली आणि त्याने एकच शब्द लिहिला: ‘बदल’. मी विचारलं, ‘कशासाठी केलास?’ तो थांबला. मग अमेंड करून, म्हणजे तीच नोंद बदलून, पुन्हा लिहिलं. जुनं कमिट लगेच पुसलं जात नाही. पोथीत हरताळाखाली जुनं अक्षर राहतं तसं ते गिटच्या रेफलॉग या नोंदवहीत काही दिवस राहतं. नवा संदेश असा होता: ‘पावसाची नोंद मिलिमीटरमध्ये केली, कारण आधीची अर्धी इंचात होती आणि बेरीज चुकत होती.’