ब्लॅक होलचा आवाज ओळखा! गुरुत्वीय लहरी समजावणारे हे गेम नेमके चालतात कसे?

वाशिमहून पूर्णेकडे जाणारी रेल्वे पकडली की पुढचा जिल्हा लागतो हिंगोली. याच जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. पण तिथे नेमकं काय मोजणार, हे शाळकरी पोरांना सांगायचं कसं?

दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की गुरुत्वीय लहरी निघतात. अमेरिकेतल्या लायगोने त्या १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा पकडल्या. चार किलोमीटरच्या अंतरात पडलेला फरक प्रोटॉनच्याही शेकडो पट लहान होता. आता हे वाचून कोणाच्या डोळ्यासमोर काय येणार?

इथेच कार्डिफ विद्यापीठाचा ‘ब्लॅक होल हंटर’ कामी येतो. आधी टकरीचा ‘आवाज’ ऐकवला जातो, मग नुसत्या खरखरीच्या चार क्लिप. त्यातल्या एकीतच तो आवाज दडलेला असतो. सुरुवातीला सोपं वाटतं, पुढे कान टवकारूनही कळत नाही. शास्त्रज्ञही तेच करतात. लहर कशी दिसेल हे आधी गणिताने काढतात आणि मग तो नमुना गोंगाटात शोधतात.

एक घोळ मात्र होतो. अवकाशात आवाज ऐकू येतो, असं मुलांना वाटू शकतं. तसं नाही. २०१५ च्या लहरीची वारंवारता साधारण ३५ ते २५० हर्ट्झ होती. आपल्या कानालाही तेवढी वारंवारता ऐकू येते, म्हणून उपकरणातली नोंद स्पीकरवर वाजवता येते, इतकंच. शिक्षकांनी हे सांगितलंच पाहिजे.

बर्मिंगहॅम विद्यापीठाचा ‘स्पेस टाइम क्वेस्ट’ त्याहून भारी. ठरलेल्या बजेटमध्ये स्वतःची वेधशाळा बांधायची. जागा, आरसे, लेझर, निर्वात नळ्या, सगळं तुम्हीच निवडायचं. वेधशाळेला जितकं दूरचं दिसेल तितके गुण जास्त. सगळा पैसा लेझरवर उडवला तर जमिनीची थरथर खेळ बिघडवते.

ही थरथर काही फक्त गेमपुरती नाही. लुइझियानातल्या लायगोला जवळून जाणाऱ्या मालगाड्यांचाही त्रास होतो. हिंगोलीची जागा निवडतानाही इथली जमीन किती शांत आहे, हे तपासलं गेलं.

ज्यांना याहून पुढे जायचंय, त्यांच्यासाठी २०१६ पासून ‘ग्रॅव्हिटी स्पाय’ आहे. तिथे लायगोचा खरा डेटा मिळतो आणि त्यातल्या गडबडींची चित्रं पाहून त्यांचे प्रकार ओळखायचे असतात. एका प्रकाराचं तर नावच ‘कोई फिश’ आहे, कारण तो माशासारखा दिसतो.