बळाचा आकडा आणि त्यामागची नोंद

बुद्धिबळातला उंट तिरपाच चालतो. मागच्या डावात त्याने किती पराक्रम गाजवला, याचा नव्या डावावर काहीही परिणाम होत नाही. १९७४ साली अमेरिकेतील लेक जिनिव्हा या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाहेर पडला आणि मोहऱ्याच्या जागी माणूस आला. बळ, बुद्धी, विवेक, काटकपणा, चापल्य आणि प्रभाव हे त्याचे सहा गुण. तीन फासे टाकून प्रत्येकाला ३ ते १८ यांतला आकडा मिळे.

हा आकडा पुढे बदलत असे. शापाने घटे, मंत्राने वाढे. खेळाडू पेन्सिलीने लिहीत, खोडरबराने पुसत. पण आकड्याबरोबर त्याचे कारणही पुसले जाई. जादूचा पट्टा चोरीला गेला, तर बळ नेमके कितीने उतरवायचे? चुडाव्यासारख्या परभणी जिल्ह्यातल्या गावचा किराणा दुकानदारही उधारीची बाकी अशी खोडून नवी लिहिणार नाही. कीर्दीत नोंद, खतावणीत खाते, बाकी सर्वांत शेवटी.

खेळाला ही शिस्त आली ती २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत. तिथे प्रत्येक वाढीला ‘प्रकार’ मिळाला आणि एकाच प्रकारच्या दोन वाढींपैकी सहसा मोठीच धरायची, असे ठरले. समजा, बळ १५ आहे आणि वंशामुळे २ वाढले: १७. आता ४ वाढवणारा पट्टा बांधला आणि तेवढेच वाढवणारा मंत्रही म्हटला. दोन्हींचा प्रकार एकच, म्हणून उत्तर २१, २५ नव्हे. अशा हिशेबाला माणूस कंटाळतो, संगणक कंटाळत नाही. त्या आवृत्तीच्या मुख्य पुस्तकाच्या पहिल्या प्रतींसोबत पात्र घडवणाऱ्या प्रोग्रॅमची सीडी होती, ती उगीच नव्हे.

मात्र खेळ चालतो घरच्या नियमांवर. वाळवंट पार करणाऱ्याला काटकपणाचा एक गुण जास्त, असे एखाद्या टोळक्याने ठरवले, तर तयार प्रोग्रॅममध्ये त्यासाठी चौकट कुठून असणार? ‘पीसीजेन’ या मुक्त प्रोग्रॅमने नियम साध्या मजकुराच्या फायलींत ठेवले. कोणता गुण, किती वाढ, कोणता प्रकार, एवढी एक ओळ लिहिली की काम झाले. ‘हीरो लॅब’मधील स्क्रिप्टला ‘केव्हा’ हेही सांगावे लागे, आणि खरी मेख तिथेच होती. गुणातून १० वजा करून अर्धे करायचे, अपूर्णांक सोडायचा. तेवढी भर फाशात मिळते. ही भर आधी काढली आणि पट्टा नंतर जोडला, तर पडद्यावर बळ २१ दिसते आणि तलवार मात्र १७ च्याच जोराने, म्हणजे ५ ऐवजी ३ च्या भरीने चालते.

आकड्यांत मतेही दडलेली होती. १९७८ च्या नियमपुस्तकात स्त्री-पात्रांच्या बळाला पुरुषांपेक्षा कमी मर्यादा घातलेली होती. ती पुढे गेली. वंशानुसार मिळणारी वाढ मात्र दीर्घकाळ टिकली. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ने ती हव्या त्या गुणावर नेण्याची मुभा दिली आणि २०२४ च्या पुस्तकात ती वंशाकडून पात्राच्या पूर्वायुष्याकडे गेली. ज्यांनी वाढीची स्वतंत्र नोंद ठेवली होती, त्यांना तेवढीच हलवायची होती. ज्यांनी नुसते १७ लिहून ठेवले होते, त्यांना त्यातले दोन कुठून आले, हे प्रत्येक पात्रासाठी पुन्हा शोधावे लागणार होते.